पळवलेला हुंकार

चोरी झाली ती भर दुपारी, हॅम्बर्गमध्ये. आणि चोरणाऱ्या बाईनं जाताना माझ्या बायकोला केळ्याचे गरम तळलेले काप खाऊ घातले. आता बोला. पोलिसांत जाऊन सांगणार काय? माझ्या बायकोचा हुंकार गेला म्हणून?

हुंकार म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं 'हं' म्हणायचं. 'हं' थांबलं की ऐकणारा झोपला असं समजून गोष्टही थांबवायची. मी शशिकांत. मिरजेच्या एसटी डेपोत कंट्रोलर होतो. उभा जन्म खिडकीत बसून लोकांना 'गाडी सुटलीय तिकडून, पोचेलच आता' असं सांगण्यात गेला, त्यामुळे थापा मारण्याचं शिक्षण मला रीतसर आणि सरकारी खर्चानं मिळालेलं आहे. आणि संध्याकाळी घरी आलो की त्या सगळ्या थापांना हुंकार द्यायला कुंदा.

कुंदाचं 'हं' साधंसुधं नाही. एक चढं असतं, म्हणजे 'पुढे काय झालं?' एक नाकातलं आखूड असतं, म्हणजे 'हे मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंत.' आणि एक लांबवलेलं, खाली उतरत जाणारं 'हंऽऽ' असतं. त्याचा अर्थ, 'हे जरा जास्त होतंय, पण चालू द्या.' त्या लांब हंच्या जोरावर मी काय काय केलंय! आंबोलीच्या घाटात धुकं इतकं दाट होतं, की आमची मिरज–सावंतवाडी गाडी रस्ता सोडून धुक्यावरूनच चालायला लागली आणि खिडकीला एक घार येऊन बसेपर्यंत कुणालाही पत्ता लागला नाही, ही माझी सर्वांत गाजलेली गोष्ट. ती त्या लांब हंवरच उभी आहे. हं काढून घ्या, गाडी दरीत.

तर, मुलगा हृषिकेश इकडे विमानाच्या कारखान्यात इंजिनियर आणि सून सुकन्या लहान मुलांची डॉक्टर. उन्हाळ्याचे तीन महिने आम्ही दोघं त्यांच्याकडे येऊन राहतो. उन्हाळा आपला म्हणायला. इथला वारा असा आहे, की गेल्या वर्षी उडालेली माझी छत्री डेन्मार्कला सापडली आणि तिकडच्यांनी ती घडी करून परत पाठवली. (कुंदा, हं म्हण.)

यंदा आल्या आल्या सुकन्येनं कुंदाला बुधवारच्या एका कार्यक्रमाला नेलं. वस्तीतल्या केंद्रात असतो. त्याला इथे श्टाटटाइलत्सेंट्रुम म्हणतात. म्हणताना कवळी सांभाळावी. तिथे आफ्रिकेतून आलेल्या बायका जमतात. कुणी कामाधंद्यासाठी आलेली, कुणी लढाईतून जीव घेऊन निघालेली. समोर बसतात इथल्या डॉक्टर, नर्स, सुईणी आणि कचेरीतली माणसं. एरवी या बायका त्यांच्या खिडकीपुढे उभ्या असतात, बुधवारी उलटं. त्या बायका आपल्या चालीरीती सांगतात आणि ही मंडळी शिकतात. पहिल्या बुधवारी इरिट्रियाच्या लेतेब्रहाननं कॉफी भाजून, कुटून, उकळून दिली. एक नर्स पहिला कप पिऊन आभार मानून उठायला लागली, तर तिला धरून खाली बसवलं. तिसरा कप झाल्याशिवाय उठणं म्हणजे यजमानिणीचा अपमान. सोमालियाच्या होदाननं सांगितलं, की आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही, तेव्हा तिला तपासणीला या म्हणून पत्रांवर पत्रं पाठवू नका, तुम्हीच घरी जा.

"आपला सव्वा महिनाच की हो!" कुंदा घरी येऊन म्हणाली. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

पुढच्या बुधवारी दोघी परत आल्या त्या हसतच. मी वरणभात कालवून बसलो होतो.

"बाबा, तुम्ही यायला हवं होतं," सुकन्या म्हणाली. "आईंनी आज कमाल केली."

"काय, स्वयंपाक केला?"

"छे हो. घानाच्या एक आबेना म्हणून आहेत, त्यांचं वेण्या घालायचं दुकान आहे इथे. त्या सांगत होत्या, की मी तुमच्या दवाखान्यात येते, माझं पोट कुठे आणि कसं दुखतं ते सांगायला लागते, आणि समोरचा माणूस गप्प. नुसता स्क्रीनकडे बघतो. मला वाटतं, मी काहीतरी वावगं बोलले. मी थांबते. मग तो टाइप करतो, 'रुग्णाला विशेष काही सांगायचं नाही.'"

"बरोबर आहे की बाईचं," मी म्हणालो. मी अजून बेसावध होतो.

"तर आमच्यातली आन्के नावाची नर्स म्हणाली, की अहो, मध्ये बोलणं असभ्य, गप्प बसून ऐकणं हाच मान, असं आम्हाला शाळेपासून शिकवलंय. आबेना म्हणाल्या, आमच्याकडे गप्प फक्त मेलेला माणूस ऐकतो. आता मी तुम्हाला गोष्ट सांगते, बघू कसं ऐकता. त्यांनी गोष्ट सुरू केली. सगळे आपले चिडीचूप. आणि तेवढ्यात आई म्हणाल्या, 'हं.'"

"मी मुद्दाम नाही म्हटलं," कुंदा घाईनं म्हणाली. "निघालं तोंडातून. ती बिचारी एवढं रंगवून सांगतेय आणि खोलीत टाचणी पडली तर ऐकू येईल. मला दया आली."

"आणि आबेना थांबल्याच! म्हणाल्या, 'कोण आहे ती? तिला पुढे आणा!' आईंना खुर्चीसकट पुढे नेलं, बाबा."

माझ्या घशात वरण अडकलं. वरण अडकत नाही, तरी अडकलं.

"तू," मी विचारलं, "परक्या बाईच्या गोष्टीला हं म्हणालीस?"

"अहो, हंच म्हटलं. गळ्यात माळ नाही घातली."

"कुठलं हं? चढं की लांब?"

कुंदा पोळीवर तूप लावत राहिली. म्हणजे लांब.

त्या दिवसापासून माझं हॅम्बर्ग नासलं. दर बुधवारी जेवण आटोपलं की कुंदा आरशासमोर. आबेनाबाईंनी तिला कापड दिलं होतं. निळ्यावर पिवळे पंखे छापलेलं, लांबूनही डोळ्यांत घुसणारं. ते शिवून कुंदानं मीच घेतलेल्या इरकलीवर ब्लाउज म्हणून घातलं आणि मला विचारलं, "कसं दिसतं?"

"बंदरातल्या बोटी दिशा चुकतील," मी म्हणालो.

"आबेना म्हणाली, राणीसारखं दिसतं."

आबेना म्हणाली! घरात मीठ कमी पडलं तरी आबेना काही म्हणाली असायची. आणि संध्याकाळी मी म्हणावं, "कुंदा, एकदा काय झालं, आमच्या डेपोत एक म्हैस तिकीट काढून..." तर कुंदा फोनवर आबेनाचा सोप्या इंग्रजीतला निरोप ऐकत असायची. गाण्यासारखा आवाज होता मेला. खर्जात सुरू व्हायचा आणि मध्येच असा हसायचा, की भिंतीवरचं घड्याळ पुढे जावं. मी थांबलो तर कुंदा वर न बघता म्हणायची, "ऐकतेय मी." ऐकतेय! चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या म्हशीला 'ऐकतेय' मिळालं नव्हतं.

एकदा मी रागावून म्हटलं, "तिकडे सगळे हं वाटून येतेस, घरच्याला उरत नाही."

तिनं फोन खाली ठेवला. "आबेना काय म्हणते माहितीय? हं म्हणणारी बाई म्हणजे गोष्टीची अर्धी मालकीण. तिच्याकडे ऐकणारे नुसते हं म्हणत नाहीत. मनात आलं की सांगणाऱ्याला मध्येच थांबवतात."

"थांबवतात? सांगणाऱ्याला?"

"हो. आणि मी इतकी वर्षं हं म्हणतेय. तुम्ही कधी विचारलंत, कुंदा, पुढे काय व्हावं असं तुला वाटतं?"

"अगं, पण जे घडलं ते घडलं! त्यात तुला काय विचारायचं?"

"म्हैस तिकीट काढून बसली, हे घडलं?"

मी उठून बाल्कनीत गेलो. काही काही प्रश्नांना माणसानं उत्तर देऊ नये.

मग मी दुसरे कान शोधायला निघालो. बंदरातल्या फेरीबोटीवर एका जर्मन आजोबांना गाठून मोडक्यातोडक्या इंग्रजीत धुक्यावरची गाडी ऐकवली. त्यांनी अथपासून इतिपर्यंत डोळ्याला डोळा देऊन ऐकलं. एक अक्षर नाही. मला वाटलं, रंगले. गोष्ट संपल्यावर म्हणाले, "आल्झो, बरं तर. गाडीचं वजन किती होतं?" शेवटी एका सीगल पक्ष्याला सांगायला बसलो. त्यानं निदान मान तरी हलवली, पण माझ्या हातातलं सँडविच घेऊन तो निघून गेला.

आणि मग तो घाव बसला.

माझा गुडघा धरला होता म्हणून सुकन्येनं ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथली नर्स म्हणजे तीच आन्के. मी सांगायला लागलो, की गुडघा कसा दुखतो. नुसता दुखतो म्हटलं तर कोण लक्ष देणार, म्हणून म्हटलं, "सिस्टर, हा गुडघा एकदा आंबोलीच्या घाटात..."

"हंऽऽ," आन्के म्हणाली.

मी खुर्चीत ताठ झालो. तेच. लांबवलेलं, खाली उतरत जाणारं, शेवटी नाकात जरासं वळलेलं. कुंदाचं! गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या, सहा फुटी बाईच्या तोंडून माझ्या बायकोचं हं!

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"फ्राउ कुंदानं!" आन्के खूश होऊन म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी घोटून घेतलं. फार उपयोग होतो. लोक बोलायला लागलेत. बोला ना, घाटात काय झालं?"

मी काही बोललो नाही. तिनं टाइप केलं असेल, 'रुग्णाला विशेष काही सांगायचं नाही.' घरी येताना रस्ताभर मला वाटत होतं, दातांच्या डॉक्टरपासून पार कचेरीच्या खिडकीपर्यंत आमचा सगळा आल्टोना भाग माझं हं म्हणतोय. ज्या चीजवस्तूवर मी एकट्यानं संसार केला, तिची या आबेनानं शाळा काढली होती. ठरवलं, पुढच्या बुधवारी जायचं आणि तिची गोष्ट भर सभेत मोडायची.

गेलो. खोली भरली होती. आन्के होती, सुईणी होत्या, कचेरीतले दोन टाय होते. लेतेब्रहानच्या कॉफीचा धूर होता. आणि मधोमध आबेनाबाई. उंच, भरल्या अंगाच्या, डोक्याला बांधलेलं फडकं असं, की त्यात एखादं संस्थान राहावं. समोर, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, कुंदा. निळापिवळा ब्लाउज. मी मागे सुकन्येशेजारी बसलो.

"बाबा, आलात! बरं वाटलं," सुकन्या म्हणाली.

"बघू किती वेळ वाटतं ते," मी म्हणालो.

आबेनाबाई थोडं जर्मन, थोडं इंग्रजी असं सांगत होत्या, अडलं की सुकन्या माझ्या कानात मराठी घालत होती. गोष्ट अशी. त्यांच्या आजीनं नदीकाठी याम लावला. याम म्हणजे आपल्या कोनफळासारखा मोठा कंद. तो वाढता वाढता नदीच्या खालून पलीकडच्या गावात निघाला. इकडे आजीला वाटे, माझा कंद किती मोठा! तिकडच्या बायकांना वाटे, हा आपलाच. त्या रोज शेंड्याकडून कापून शिजवत, आणि इकडे आजीची जमीन रोज थोडी खाली बसे.

"हं," कुंदा म्हणाली. चढं.

"हं," खोलीभर तीस जर्मन म्हणाले. एकसुरात, प्रार्थनेसारखं.

माझ्या अंगाची आग झाली. आणि खरं दुःख वेगळंच होतं. गोष्ट चांगली होती. जमीन खाली बसे, हे मला सुचायला हवं होतं!

"शेवटी एके दिवशी," आबेनाबाई उभ्या राहिल्या, "आजीनं यामचं डोकं धरलं. पलीकडच्या बायकांनी शेंडा धरला. आणि दोन्ही गावं लागली ओढायला..."

"हंऽऽ," कुंदा म्हणाली.

लांब! माझं लांब हं! मी ताडकन उठलो. 'साफ खोटं!' असं ओरडायचं ठरवून आलो होतो. पण तोंडाला वळण म्हणून असतं. उभ्या आयुष्यात दुसऱ्याची थाप मी कधी खोडून काढली नव्हती, फक्त तिच्यावर माझी चढवली होती. तेव्हा तोंडातून निघालं ते असं:

"स्टॉप! त्या दिवशी मी होतो तिथे!"

टायवाल्यांनी माना वळवल्या. सुकन्येनं कपाळाला हात लावला, "बाबा, प्लीज!" कुंदानं मागे वळून असं पाहिलं, की गुडघ्याचं दुखणं एकदम हलकं वाटावं.

आणि आबेनाबाईंनी दोन्ही हात आकाशात फेकले. घानाच्या बायका किंचाळल्या, बाकं वाजवायला लागल्या. एकजण तर खुर्चीभोवती गिरकी घेऊन आली.

"शेवटी!" आबेनाबाई ओरडल्या. "शेवटी एक माणूस ऐकणारा भेटला! किती आठवडे सांगतेय मी यांना! आमच्याकडे गोष्ट भरात आली, की ऐकणारा उठतो आणि म्हणतो, थांब, त्या दिवशी मी होतो तिथे! यांच्यातला एक उठेल तर शपथ! बघा, हे असं ऐकायचं असतं!"

आन्केनं चक्क वहीत लिहून घेतलं.

मी उभाच. शत्रूचा किल्ला फोडायला जावं आणि आतून तोरण बांधून दार उघडावं, तसं झालं. "नाही, म्हणजे मला असं म्हणायचं होतं," मी म्हणालो, "की तो कंद एवढासा नव्हताच. त्याचा एक फाटा मिरजेला आमच्या डेपोखाली निघाला होता, फलाट नंबर तीन त्यानं वर उचलला होता..."

"ते मग, पापा," आबेनाबाई म्हणाल्या. "आधी गाणं."

"कसलं गाणं?"

"गोष्ट थांबवणाऱ्यानं गाणं म्हणायचं आणि सगळ्यांनी मागून म्हणायचं. म्हटल्याशिवाय बसता येत नाही. रीत आहे."

मला गाणं येत नाही. माझ्या आवाजाला डेपोतली म्हैससुद्धा तिकीट परत करून उतरली होती. तीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तोंडात काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा. मी कुंदाकडे पाहिलं.

कुंदानं पदर खोचला. आणि बसल्या जागी जात्याचा खुंटा धरल्यासारखी मूठ फिरवत तिनं ओवी लावली. तिथल्या तिथे रचलेली:

"माझ्या गं धन्यानं, थापा पेरल्या दाट,
पीक आलं कानामंदी, दाण्याविना गं ताट!"

सुकन्येनं हसत हसत अर्थ सांगितला आणि खोली फुटली. आबेनाबाईंनी टाळी धरली. सगळ्या सुईणी, होदान, लेतेब्रहान, दोन्ही टाय मागून म्हणायला लागले, "दाण्याविना गं ताट! दाण्याविना गं ताट!" जर्मन उच्चारात ते काहीतरी रेल्वेच्या घोषणेसारखं वाटत होतं, पण ताल चुकत नव्हता. आणि कुंदा दुसरी ओवी लावत होती. हिला ओव्या रचता येतात, हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं म्हणा.

गाणं संपलं तशी आबेनाबाईंनी गोष्ट परत उचलली. "तर दोन्ही गावं ओढत होती, आणि तेवढ्यात लांब इंडियात, मिरज नावाच्या गावी, बस स्टँडचा तीन नंबरचा फलाट हलला..."

घेतला! माझा फलाटही घेतला बाईनं! आणि माझ्यापेक्षा चांगला हलवला. तिनं फलाटावरच्या उतारूंच्या हातातला चहा सांडवला, एका नवऱ्यामुलाला फलाटासकट उचलून नदीपलीकडच्या मांडवात नेऊन उतरवलं. लोक हसून हसून पडत होते. जाताना आबेनाबाईंनी माझा हात हातात घेतला. "पापा, पुढच्या बुधवारी या. सिस्टर कुंदा हं म्हणेल, तुम्ही मला थांबवा. दोघांशिवाय माझी गोष्ट आता पुरी व्हायची नाही." केळ्याचे काप मलाही दिले. चांगले होते. तेवढंच एक वाईट निघालं असतं तर मनाला शांतता लाभली असती.

घरी आल्यावर जेवणं झाली. हृषिकेश आणि सुकन्या फेरफटका मारायला गेले. बाहेर अजून उजेड होता, इथे उन्हाळ्यात दिवस मावळायचं नाव घेत नाही. कुंदा गॅलरीत शेंगा सोलत बसली होती. फोन आत ठेवलेला. मी शेजारी खुर्ची ओढली. घसा साफ केला. आता नाही तर कधीच नाही.

"एकदा काय झालं कुंदा," मी म्हणालो, "आंबोलीच्या घाटात असं धुकं पडलं, असं धुकं पडलं, की मिरज–सावंतवाडी गाडी रस्ता सोडून धुक्यावर चढली..."

आणि थांबलो. हंची जागा आली होती.

कुंदानं एक शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले.

"थांबा," ती म्हणाली. "मी होते त्या गाडीत."

"तू?"

"मी. तुम्ही मागच्या सीटवर घोरत होतात, तुम्हाला काय माहीत? ड्रायव्हर तर घाबरून वरच उतरला होता. गाडी मी चालवत होते."

"कुंदा, तुला सायकल..."

"मध्ये बोलायचं तर गाणं म्हणावं लागेल."

मी निमूट एक शेंग उचलली.

"तर, घाट अर्धा राहिला आणि धुकं विरळ व्हायला लागलं. खाली दरी दिसायला लागली. चाकं रुतायला लागली. मग मी आरडून सांगितलं, बायांनो, डबे उघडा! गाडीत सगळ्या माहेराला निघालेल्या बायका, प्रत्येकीच्या मांडीवर गरम भाताचा डबा. चाळीस डबे एकदम उघडले. खिडक्यांतून अशी वाफ निघाली, अशी वाफ निघाली, की पुढचा सगळा रस्ता तिच्यावर पसरला. आंबेमोहोराचा वास येत होता रस्त्याला. त्याच्यावरून गाडी नेली थेट सावंतवाडीच्या स्टँडात. तुम्ही उतरल्यावर डोळे चोळत विचारलंत, पोचलो का?"

ती माझ्याकडे पाहत थांबली. दोन बोटांत शेंग तशीच धरलेली.

भाताची वाफ! इतकी वर्षं मी ती गाडी एका बिचाऱ्या घारीच्या भरवशावर दरीवर टांगून ठेवली होती. पुढे कशी न्यावी हे मला एकदाही सुचलं नव्हतं. आणि ही, माझ्याच गाडीत बसून, माझ्याच घाटात, मला घोरत ठेवून! माझा असा काही जळफळाट झाला, की आबेनाबाईंबद्दलचा मत्सर त्यापुढे थंड ताक.

कुंदा अजून थांबलेलीच होती.

मी वाटीतला एक दाणा उचलला आणि तोंडात टाकला, म्हणजे आवाज जरा बरा निघेल.

"हंऽऽ," मी म्हणालो.

"लांब लावलंत," कुंदा म्हणाली आणि तिनं शेंग फोडली. "तर ऐका. सावंतवाडीच्या स्टँडात उतरतो, तो समोर तुमची म्हैस..."